रचना बघण्याआधी काय कापलं, काय जोडलं ते बघा

साताऱ्यात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "सेमिनारसाठी बीटा-१ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची (ॲड्रेनलिनचा निरोप पेशीत नेणाऱ्या प्रथिनाची) २व्हीटी४ ही फाइल प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या साठ्यातून, उतरवून घेतली. माणसाच्या रिसेप्टरच्या क्रमाशी ताडून बघितली तर ती टर्कीच्या रिसेप्टरची निघाली. दोन्ही टोकं छाटलेली, मधला एक लूप अर्धामुर्धा आणि काही अमिनो आम्लं बदललेली. बीटा-२ च्या २आरएच१ फाइलमध्ये तर मधोमध एका विषाणूचं प्रथिन घुसवलेलं आहे. इतकी मोडतोड केल्यावर ही रचना खरी कशी मानायची? आणि आता अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचना वर्तवणारा अल्फाफोल्ड हा प्रोग्राम असताना एवढा खटाटोप हवाच कशाला?"

फाइल बरोबर आहे. तुम्ही क्रम ताडून बघितलात हे फार चांगलं केलंत. बरेच जण रंगीत चित्र स्लाइडवर चिकटवून मोकळे होतात आणि आपण टर्कीचा रिसेप्टर दाखवतोय याचा त्यांना पत्ताही नसतो.

मी अनेक वर्षं हेच काम केलं: रिसेप्टरची कन्स्ट्रक्ट, म्हणजे प्रयोगासाठी कापून-जोडून केलेली आवृत्ती, आखायची, पेशींत वाढवायची, शुद्ध करायची आणि ती टिकतात का बघायचं. आता सांगलीत शिकवते. त्या अनुभवावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. डेटा बँकेतली रचना मूळ रिसेप्टरची नसते, ती त्या कन्स्ट्रक्टची असते. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिला कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला नाही, हे कन्स्ट्रक्ट वाचल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक बदल काही निष्कर्षांना धक्का लावतो आणि बाकीच्यांना लावत नाही.

आधी हे बदल करावेच का लागतात ते बघू. दम्याचा पेशंट जो पंप ओढतो त्यातलं सल्ब्युटामॉल बीटा-२ वर बसतं. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधं बीटा-१ वर बसतात. मिरजेत कुठल्याही औषधाच्या दुकानात डोकावलात तर या कुटुंबावर काम करणारी औषधं फळीफळीवर दिसतील. जी-प्रोटीनशी जोडलेल्या या रिसेप्टरांची माणसात सुमारे ८०० जनुकं आहेत आणि वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधं याच कुटुंबावर काम करतात. सगळ्यांचा साचा एकच: पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारी साखळी, म्हणजे सात हेलिक्स (पिळाच्या सळ्या). बाहेरच्या बाजूला औषध किंवा संप्रेरक बसतं, आतल्या बाजूला जी-प्रोटीन. बाहेर काही बसलं की आतली बाजू उघडते आणि निरोप पुढे जातो.

अडचण इथेच आहे. आकार बदलणं हे या प्रथिनाचं कामच आहे. तो एका आकारात थांबत नाही, आणि रचना काढायला लागणाऱ्या स्फटिकासाठी तर कोट्यवधी रेणू हुबेहूब एकसारखे उभे राहावे लागतात. त्यात त्याचा मधला सगळा भाग तेलकट पटलात बुडालेला असतो, पाण्यात आला की गोळा होऊन बसतो. शिवाय मूळ पेशीत तो इतका थोडा असतो की शुद्ध करायला घ्यावा तर हाती काही लागत नाही.

एकच रिसेप्टर या अडचणींतून बराचसा सुटला होता, तो म्हणजे डोळ्यातला प्रकाश टिपणारा ऱ्होडॉप्सिन. गायीच्या डोळ्याचा पडदा त्याने गच्च भरलेला असतो आणि प्रकाश शोषणारा रेटिनल हा रेणू त्याला सहसंयुज बंधाने बांधलेला असल्यामुळे तो अंधारात निष्क्रिय आकारात गप्प बसतो. म्हणून कुटुंबातली पहिली स्फटिकरचना त्याची आली, २००० मध्ये, २.८ अँगस्ट्रॉमची (हा आकडा जितका लहान तितकी रचना स्पष्ट), आणि तीही काही न बदलता थेट डोळ्यांतून काढलेल्या प्रथिनाची. संप्रेरकाच्या रिसेप्टरची पहिली रचना यायला २००७ उजाडलं. मधली सात वर्षं लोक हातावर हात धरून बसले नव्हते. संप्रेरकांचे रिसेप्टर जसेच्या तसे ठेवून स्फटिक होत नाहीत हे त्या काळात पक्कं झालं.

वाढवण्यापासून सुरुवात करू. यातली एक गोष्ट तुमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. मक्याच्या पोंग्यात शिरून पानं कुरतडणारी अमेरिकन लष्करी अळी, जी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडेही येऊन थडकली, तिचं शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. या किडीच्या कोषातल्या अंडाशयाच्या ऊतीपासून काढलेल्या पेशी म्हणजे एसएफ-९. जगभरात स्फटिकासाठी वापरलेले बहुतेक रिसेप्टर याच पेशींत वाढले. बॅक्युलोव्हायरस या कीटकविषाणूत रिसेप्टरचं जनुक घालायचं आणि त्या विषाणूने पेशींना संसर्ग द्यायचा. फ्लास्क २७ अंशांवर शेकरवर फिरत असतो, कार्बन डायऑक्साइड लागत नाही. संसर्ग लागला की पेशी फुगतात, त्यांचं विभाजन थांबतं, आणि ४८ तासांच्या आसपास, त्या फुटायला लागण्याआधी, गोळा कराव्या लागतात. उशीर झाला तर पेशीतली प्रोटिएज आपला रिसेप्टर खाऊन टाकतात. लिटरमागे मिलिग्रॅमभर रिसेप्टर हाती आला तर ते चांगलं पीक समजायचं.

जीवाणूत का नाही, असं तुम्ही विचाराल. ई. कोलाय स्वस्त आहे, पण रिसेप्टरला साखरेचे रेणू जोडणं, पटलात नीट बसवणं हे त्याला जमत नाही. काही रिसेप्टर त्यात वाढवले गेले आहेत, पण ते अपवाद.

पहिले बदल इथेच होतात. पटलाकडे नेणारा एक संकेतक्रम पुढे लावतात. शुद्धीकरणासाठी फ्लॅग टॅग किंवा हिस्टिडिनची रांग जोडतात आणि ती नंतर कापून टाकण्यासाठी मध्ये प्रोटिएजची जागा ठेवतात. हे बदल निरुपद्रवी म्हणायला हरकत नाही. मग साखर जोडली जाणारी ॲस्परजिन बदलतात, कारण प्रत्येक रेणूला वेगवेगळी साखर लागली तर एकसारखेपणा गेला. तुमच्या २व्हीटी४ मध्ये ३५८ क्रमांकाचं सिस्टीन काढून ॲलनिन घातलं आहे. तिथे पामिटिक आम्ल जोडलं जातं, काही रेणूंत जोडलं जातं आणि काहींत नाही, म्हणून ती भानगडच नको. ११६ च्या सिस्टीनचं ल्युसिन केलं आहे ते प्रथिन जास्त मिळावं म्हणून. अशा बदलाकडे बघून घाबरू नका, पण नोंद ठेवा.

छाटलेली टोकं आणि लूप यांचं कारणही तेच. सात हेलिक्सच्या मानाने ही टोकं लोंबकळत असतात, त्यांना ठरावीक आकार नसतो. पाचव्या आणि सहाव्या हेलिक्समधला आतला लूप, ज्याला तिसरा अंतर्गत लूप म्हणतात, बऱ्याच रिसेप्टरांत लांबलचक असतो. एवढी हलती गोष्ट स्फटिकात मावत नाही. पण कापलेली शेपटी निरुपयोगी नव्हती, हे कायम ध्यानात ठेवा. रिसेप्टर फार वेळ चालू राहिला की काही किनेज त्या शेपटीवर फॉस्फेट लावतात आणि मग ॲरेस्टिन येऊन निरोप थांबवतं. शेपटी कापलेल्या रचनेवरून ॲरेस्टिनबद्दल काही बोलता येत नाही. त्यासाठी उलटं इंजिनिअरिंग लागतं: बीटा-२ ची स्वतःची शेपटी काढून तिथे व्हॅसोप्रेसिनच्या व्ही-२ रिसेप्टरची शेपटी लावतात, कारण ती ॲरेस्टिनला घट्ट धरते. आयआयटी कानपूरमधले अरुण शुक्ला यांनी ॲरेस्टिनवर जे काम केलं आहे त्यात ही संकरित कन्स्ट्रक्ट वाचायला मिळेल. म्हणजे एक गट शेपटी छाटतो, दुसरा जास्त चांगली शेपटी आणून लावतो. प्रश्न वेगळे म्हणून कन्स्ट्रक्ट वेगळी.

आता विषाणूच्या प्रथिनाकडे येते. २००७ मध्ये ब्रायन कोबिल्का आणि रेमंड स्टीव्हन्स यांच्या गटांनी बीटा-२ चा तो तिसरा लूप बराचसा काढला आणि तिथे टी-४ या जीवाणूभक्षक विषाणूचं लायसोझाइम बसवलं. लायसोझाइमच का? कारण ते घट्ट, चटकन स्फटिक होणारं प्रथिन आहे आणि त्याची दोन टोकं एकमेकांच्या जवळ येतात. पाचव्या आणि सहाव्या हेलिक्समधल्या फटीत ते बेताने बसतं. पटलाऐवजी डिटर्जंट किंवा लिपिडने वेढलेल्या रिसेप्टरला शेजाऱ्याला धरायला पाण्यातला पृष्ठभागच उरत नाही. कढईला कान जोडावेत तसं हे प्रथिन ती धरायची जागा पुरवतं. रचना २.४ अँगस्ट्रॉमची मिळाली, कॅरॅझोलॉल हे औषध आत बसलेलं.

मग प्रश्न: हा कान जोडल्यामुळे कढईचा आकार बदलला का? ही शंका तुमच्याआधी त्या गटांनीच तपासली होती. जोडकाम केलेला रिसेप्टर अँटॅगोनिस्टला (रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाला) मूळ रिसेप्टरइतकाच धरतो. ॲगोनिस्टला (रिसेप्टर चालू करणाऱ्या औषधाला) मात्र तो दोन-तीन पट जास्त घट्ट धरतो, म्हणजे जोडकामाने तो किंचित सक्रिय बाजूकडे झुकला. आणि जी-प्रोटीन तर त्याला मुळीच जोडता येत नाही, कारण त्याची जागाच लायसोझाइमने अडवली आहे. हे सगळं त्यांनी छापून सांगितलं. याचा अर्थ: औषधाच्या कप्प्याबद्दल या रचनेवर विश्वास ठेवा. आतल्या बाजूबद्दल जपून बोला.

जपून का, याचं एक उदाहरण नीट सांगण्यासारखं आहे. ऱ्होडॉप्सिनमध्ये तिसऱ्या हेलिक्सचं आर्जिनिन आणि सहाव्या हेलिक्सचं ग्लुटामेट यांच्यात एक क्षारबंध दिसला होता. त्याला 'आयॉनिक लॉक' म्हणतात. हे कुलूप बंद असलं की रिसेप्टर निष्क्रिय, अशी समजूत होती. २००७ च्या बीटा-२ मध्ये ते उघडं दिसलं. २००८ मध्ये लायसोझाइम घातलेल्या ॲडेनोसिनच्या ए-२ए रिसेप्टरमध्येही उघडंच. आत निष्क्रिय करणारं औषध असूनही! मग कोणी म्हणालं हे कुलूप ऱ्होडॉप्सिनपुरतंच आहे, कोणी म्हणालं लायसोझाइमने ओढून उघडलं. २०११ मध्ये त्याच ए-२ए ची दुसरी रचना आली, लायसोझाइम न घालता, फक्त स्थिर करणारे बदल करून, आणि तिच्यात कुलूप बंद होतं. त्या कामात आणखी एक रचना होती ती मला फार आवडते: आपल्या चहातलं कॅफिन याच रिसेप्टरच्या कप्प्यात बसलेलं. तर, एकाच रिसेप्टरवर दोन वेगळ्या पद्धतींनी काम झालं तेव्हाच कुठला तपशील रिसेप्टरचा आणि कुठला आपल्या हातचा हे वेगळं करता आलं. एकट्या रचनेवरून कुलपाबद्दल सिद्धांत मांडणारे मात्र अडचणीत आले.

तुमची २व्हीटी४ ही या दुसऱ्या पद्धतीची. २००८ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत ख्रिस टेट, गेबहार्ड शर्टलर आणि सहकाऱ्यांनी ती केली. पद्धत ऐकायला साधी, करायला जिवावरची. टर्कीच्या बीटा-१ मधल्या ३०० हून अधिक अमिनो आम्लांचा एकेक करून बदल केला. बहुतेक ठिकाणी ॲलनिन घातलं आणि जिथे आधीच ॲलनिन होतं तिथे ल्युसिन. प्रत्येक म्युटंट डिटर्जंटमध्ये विरघळवायचा, ठरावीक तापमानाला ३० मिनिटं तापवायचा, बर्फावर ठेवायचा आणि किरणोत्सारी औषध किती बांधलं जातं ते मोजायचं. ज्या तापमानाला निम्मा रिसेप्टर औषध धरेनासा होतो ते त्याचं तापमान. ज्या बदलांनी हे तापमान वाढलं त्यांची मग जुळवाजुळव, कारण दोन चांगले बदल एकत्र केले की बेरीज होतेच असं नाही. कधी एक दुसऱ्याचा फायदा खाऊन टाकतो. शेवटी सहा बदल राहिले आणि मूळ रिसेप्टरपेक्षा २१ अंश जास्त टिकणारा रिसेप्टर हाती आला.

२१ अंश म्हणजे काय मिळालं? मूळ रिसेप्टर फक्त डीडीएमसारख्या सौम्य, लांब साखळीच्या डिटर्जंटमध्ये जगतो. त्याचा मायसेल (प्रथिनाभोवती जमणारा डिटर्जंटचा गोळा) मोठा, रिसेप्टर त्यात गुरफटून जातो आणि स्फटिकासाठी पृष्ठभाग उरत नाही. स्थिर केलेला रिसेप्टर आखूड साखळीच्या, कडक डिटर्जंटमध्येही तग धरतो. तिथे मायसेल लहान असतो, प्रथिन बाहेर डोकावतं आणि शेजाऱ्याला धरतं. लायसोझाइमची गरजच पडली नाही. टर्की निवडण्यामागेही हाच विचार होता: टर्कीचा रिसेप्टर डिटर्जंटमध्ये माणसाच्या रिसेप्टरपेक्षा जास्त टिकतो आणि औषधाच्या कप्प्यातली अमिनो आम्लं दोघांत जवळजवळ तीच आहेत. तेच सहा बदल नंतर माणसाच्या बीटा-१ आणि बीटा-२ मध्ये नेले तेव्हा तेही स्थिर झाले.

आता याची किंमत. तापवल्यानंतर जगलेले रेणू मोजताना अँटॅगोनिस्ट वापरलं होतं, त्यामुळे जे बदल रिसेप्टरला निष्क्रिय आकारात धरून ठेवतात तेच निवडले गेले. सहापैकी २२७ क्रमांकाचा बदल बघा: टायरोसिन काढून ॲलनिन. हे टायरोसिन पाचव्या हेलिक्सवर आहे. रिसेप्टर सक्रिय होतो तेव्हा ते आत वळून सातव्या हेलिक्सच्या दुसऱ्या एका टायरोसिनशी पाण्याच्या रेणूमार्फत हात मिळवतं आणि सक्रिय आकाराला आधार देतं. तो हातच काढून घेतला तर सक्रिय आकार दुबळा होणार आणि निष्क्रिय आकाराचं पारडं जड होणार. प्रयोगातही तेच दिसलं: अँटॅगोनिस्ट पूर्वीसारखंच बसतं, ॲगोनिस्ट बरंच सैल. मला विचाराल तर ही पद्धत लायसोझाइमपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तिच्यातला पक्षपात कुठल्या दिशेचा आहे हे आधीच ठाऊक असतं. आणि तो उलटाही करता येतो. ए-२ए वर ॲगोनिस्ट बांधून तीच तापवण्याची परीक्षा घेतली तेव्हा बदलांचा वेगळाच संच निवडला गेला, आणि २०११ मध्ये त्याच्या साहाय्याने खुद्द ॲडेनोसिन बसलेली रचना मिळाली.

स्फटिक करण्याच्या कामाबद्दल थोडंच सांगते, कारण ते वाचून कळत नाही. १९९६ मध्ये लांडाऊ आणि रोझेनबुश यांनी लिपिड क्युबिक फेजची (लिपिड आणि पाण्याच्या जाळीत स्फटिक वाढवण्याची) पद्धत आणली आणि लायसोझाइमवाल्या रिसेप्टरांचं नशीब तिच्यामुळे उघडलं. मोनोओलिन हे लिपिड वितळवून एका सिरिंजमध्ये, प्रथिनाचं द्रावण दुसऱ्या सिरिंजमध्ये, साधारण ६०:४० च्या प्रमाणात. दोन्ही सुया एका जोडणीने एकमेकींना लावायच्या आणि दट्ट्या इकडून तिकडे ढकलत राहायचं. सुरुवातीला मिश्रण दुधाळ असतं. मग एका क्षणी ते काचेसारखं नितळ होतं, इतकं घट्ट की अंगठा दुखतो. नितळ झालं नाही तर प्रमाण चुकलं किंवा डिटर्जंट जास्त झालं. खोलीचं तापमान २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, कारण फार थंडीत मोनोओलिन गोठायला लागतं. नॅनोलिटरचे ठिपके काचेच्या दोन पट्ट्यांत दाबायचे आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ध्रुवित प्रकाशात चमकणारे कण शोधायचे.

लायसोझाइमनंतर बीआरआयएल आलं, १०६ अमिनो आम्लांचं, चार हेलिक्सचं, सायटोक्रोमपासून बनवलेलं छोटं आणि ताठ प्रथिन. ते ए-२ए मध्ये घालून २०१२ मध्ये १.८ अँगस्ट्रॉमची रचना मिळाली. एवढ्या स्पष्टतेत रिसेप्टरच्या पोटात, दुसऱ्या हेलिक्सच्या ॲस्पार्टेटजवळ, सोडियमचा आयन आणि त्याभोवतीची पाण्याची रांग दिसली. सोडियममुळे ॲगोनिस्टचं बसणं सैल होतं हे १९७० च्या दशकापासून ठाऊक होतं. तो नेमका कुठे बसतो ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. मोडतोडीने सत्य झाकलं जातं असं वाटतं त्यांना मी ही रचना दाखवते. परक्या प्रथिनाशिवाय हा आयन कदाचित आणखी बरीच वर्षं दिसला नसता.

सक्रिय आकार मात्र एकट्या रिसेप्टरवर नुसते बदल करून पूर्ण मिळत नाही, त्याला जोडीदार लागतो. २०११ मध्ये बीटा-२ आणि जीएस हे जी-प्रोटीन यांचं संकुल आलं. त्यात सहाव्या हेलिक्सचं आतलं टोक १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेलं दिसतं. या संकुलाला उंटाच्या कुळातल्या प्राण्यांपासून मिळवलेल्या नॅनोबॉडीने (छोट्या अँटिबॉडीने) बांधून ठेवलं होतं. लायसोझाइम होतंच, पण आता बाहेरच्या टोकाला, जी-प्रोटीनच्या वाटेत न येणारं. जागा बदलली तर तोच कान किती वेगळा ठरतो बघा. पुढच्याच वर्षी कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२०१७ पासून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, म्हणजे गोठवलेल्या प्रथिनाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रं घेण्याच्या पद्धतीने, सगळं पालटलं. स्फटिक नको, थोडंसं प्रथिन पुरे. त्या वर्षी कॅल्सिटोनिन आणि जीएलपी-१ या संप्रेरकांच्या रिसेप्टरांची जी-प्रोटीनसह रचना आली. मधुमेहासाठी आणि वजनासाठी आता ज्यांची चर्चा आहे ती सेमाग्लुटाइडसारखी औषधं याच जीएलपी-१ रिसेप्टरवर बसतात. मग इंजिनिअरिंग संपलं का? नाही, ते फक्त जोडीदाराकडे सरकलं. मूळ जी-प्रोटीन जीटीपी हा रेणू मिळाल्यावर सुटून जातं, म्हणून न सुटणारी, म्युटेशन केलेली जीएस वापरतात किंवा टेट यांच्या गटाने बनवलेलं छोटं आणि स्थिर 'मिनी-जी'. आणि निष्क्रिय रिसेप्टर बघायचा असेल तर जुनीच अडचण पुन्हा उभी राहते. ४०-५० किलोडाल्टनचा रिसेप्टर मायसेलमध्ये बुडालेला, चित्रात त्याची दिशा ओळखायला काही खूणच नाही. मग पुन्हा बीआरआयएल घाला आणि त्याला चिकटणारा अँटिबॉडीचा तुकडा लावा. तेव्हा हल्लीच्या रचना वाचताना रिसेप्टरबरोबर जोडीदाराचाही क्रम ताडून बघा. रिसेप्टर मूळचा आणि जी-प्रोटीन बदललेलं, असं वारंवार दिसेल.

आता अल्फाफोल्ड. ते मी रोज वापरते आणि त्याबद्दल मला आदर आहे. २०२४ चं नोबेल योग्यच होतं. पण ते शिकलं कशावर? डेटा बँकेतल्या रचनांवर, म्हणजे याच छाटलेल्या, जोडलेल्या, स्थिर केलेल्या रिसेप्टरांवर. ते साधारण एक आकार देतं; तो सक्रिय की निष्क्रिय की मधलाच काहीतरी, हे तुम्हाला ओळखावं लागतं. डेटाबेसमधल्या मॉडेलात औषध नाही, सोडियम नाही, कोलेस्टेरॉल नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत अमिताभ चट्टोपाध्याय यांनी सेरोटोनिन-१ए रिसेप्टरवर जे काम केलं त्यातून पटलातलं कोलेस्टेरॉल काढलं तर रिसेप्टरचं काम कसं बिघडतं ते दिसतं. पटलाविना रिसेप्टर ही कल्पनाच अपुरी आहे, आणि म्हणून आम्ही डीडीएमबरोबर कोलेस्टेरॉलचा हेमिसक्सिनेट घालतो.

गंमत अशी की अल्फाफोल्डचा सगळ्यात चांगला उपयोग याच इंजिनिअरिंगमध्ये होतो. एखाद्या रिसेप्टरचं मॉडेल उघडा आणि कमी खात्रीचे भाग बघा: दोन्ही टोकं, तिसरा अंतर्गत लूप. नेमके तेच आम्ही कापतो. पूर्वी कुठे कापायचं हे ठरवायला डझनभर कन्स्ट्रक्ट करून बघावी लागत. आता पहिला अंदाज तासाभरात येतो आणि प्रयोगशाळेत थोडीच करावी लागतात. स्थिर करणारे बदल सुचवणारे प्रोग्रामही आले आहेत. सुचवलेला बदल टिकतो का, त्यानंतर औषध पूर्वीसारखं बसतं का, हे मात्र तापवून आणि मोजूनच कळतं.

साताऱ्यात बसून तुम्ही काय करू शकता? किरणोत्सारी औषध आणि क्रायो-मायक्रोस्कोप कॉलेजात नसणार, पण वाचनाचं सगळं काम संगणकावर होतं. जीपीसीआरडीबी या मोफत डेटाबेसमध्ये कन्स्ट्रक्टचं स्वतंत्र पान आहे. कुठल्या रचनेत काय कापलं, काय जोडलं, कुठलं म्युटेशन, सगळं मांडलेलं सापडतं. बॅलेस्टेरोस-वाइनस्टाइन क्रमांक शिकून घ्या: प्रत्येक हेलिक्समधल्या सर्वांत न बदलणाऱ्या अमिनो आम्लाला ५० धरून मागे-पुढे मोजायचं. २२७ चं टायरोसिन त्यात ५.५८ (पाचवं हेलिक्स, ५८ वी जागा) होतं, आणि मग टर्की, माणूस, बीटा-२, ए-२ए यांची एकमेकांशी तुलना करता येते.

हाताने काही करायचं असेल तर अंड्यातलं लायसोझाइम घ्या आणि रिअल-टाइम पीसीआर मशीनमध्ये सायप्रो ऑरेंज हा चमकणारा रंग घालून ते कुठल्या तापमानाला उलगडतं ते मोजा. क्षार, पीएच बदलून आलेख कसा सरकतो ते बघा. स्थिरता म्हणजे काय हे त्यातून बोटांना कळतं. फक्त हाच रंग पटल-प्रथिनाला लावू नका. तो डिटर्जंटच्या मायसेलमध्येही चमकतो आणि आलेख निरर्थक येतो. तिथे सीपीएम नावाचा रंग वापरतात. प्रथिन उलगडलं आणि आतलं सिस्टीन उघडं पडलं की तो त्याला चिकटून चमकतो. पुढे संशोधनात यायची इच्छा असेल तर बेंगळुरूचं एनसीबीएस, हैदराबादचं सीसीएमबी, आयआयटी कानपूर ही नावं ध्यानात ठेवा आणि मुलाखतीला जाताना कुठल्या तरी एका रचनेची कन्स्ट्रक्ट तोंडपाठ असू द्या. मुलाखत घेणारे त्यावरच ताणून विचारतात.

सेमिनारसाठी एक सूचना. २व्हीटी४ मध्ये रिसेप्टरच्या चार प्रती आहेत, ए ते डी. त्यांपैकी दोन प्रतींत पहिलं हेलिक्स ठळकपणे वाकलेलं आहे, ते स्फटिकातल्या शेजाऱ्याच्या रेट्यामुळे. रिसेप्टरचा गुणधर्म म्हणून ते दाखवू नका. बी साखळी घ्या. तिच्यावर ६८, ९०, २२७, २८२, ३२७ आणि ३३८ हे सहा बदल वेगळ्या रंगाने दाखवा आणि प्रत्येकाचं आत बसलेल्या सायनोपिंडोलॉल या औषधापासूनचं अंतर मोजून लिहा. निम्मे बदल पेशीच्या आतल्या बाजूला, औषधापासून लांब पडलेले दिसतील. उरलेल्यांपैकी औषधाच्या सर्वांत जवळ कोण येतं ते शोधा, आणि बीटा-२ च्या २आरएच१ मध्ये त्याच बॅलेस्टेरोस-वाइनस्टाइन क्रमांकाच्या जागी मूळ अमिनो आम्ल कसं बसलंय ते शेजारी ठेवा. दोन्ही कप्पे एकमेकांवर बसवल्यावर औषधाभोवतीच्या बाजूसाखळ्या किती जुळतात ते बघितलंत की तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वर्गाला आकड्यांत देऊ शकाल.